सव्वीस नंबरचं टेबल

गंगापूर रोडवरचं मंगल कार्यालय.
कालच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं
स्टेजवर अजून तशीच. नवरीचं नाव पुरं,
नवऱ्याच्या नावातला एक काना गळून पडलेला.
टेबलक्लॉथच्या घडीत अक्षता.
एक दाणा उचलून मी पटाच्या कडेला ठेवला,
का, ते माहीत नाही.

चौथी फेरी. भिंतीवरच्या यादीत
गायधनी शैलजा, चौदाशे अडतीस,
आणि समोर मोमीन उझैर, मालेगाव, दोन हजार अकरा.
मध्ये पाचशे त्र्याहत्तर.
टेबल मात्र दीड हाताचं.

एकोणीसचा असेल. डोळे तांबारलेले,
पहाटेच्या एसटीत उभ्यानं आल्यासारखे.
हात मिळवला तोही पटाकडे बघत,
पोस्टात शिक्का मारतात तसा.
मी त्याच्या आईच्या वयाची, चष्मा कपाळावर.
त्याला वाटलं असणार, चहाच्या आधी आटपेल.
मलाही तेच वाटत होतं.

हा खेळ मी पोरासाठी शिकले,
क्लासच्या पायरीवर त्याची वाट बघत.
त्यानं दहावीत पट माळ्यावर टाकला.
स्टँडवर कुणाला सोडायला जावं
आणि गाडीत आपणच बसून राहावं,
तसं माझं झालं.

पंधरा मिनिटं, चालीमागे पाच सेकंद.
तो खेळायचा, घड्याळ दाबायचा, उठायचा,
दुसऱ्यांच्या पटांवरून फिरून यायचा.
बाराव्या चालीला त्यानं उंट टाकला
थेट माझ्या राजाच्या दारात
आणि पाणी प्यायला गेला.

चार मिनिटं मी त्या उंटाकडे बघत होते.
कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
इतकी वर्षं एकच सवय:
कागद आला की आधी उलटून बघायचा,
मागे काही लिहिलंय का.
मागे काही नव्हतं.
उंट घेतला.

तो परत आला आणि बसला.
खुर्ची पुढे ओढली.
घोडा आला, वजीर आला, शह, पुन्हा शह,
माझा राजा उघड्यावर निघाला
मे महिन्यात रामकुंडाच्या तापल्या फरशीवरून
टाचा उचलत जावं तसा,
एक घर, एक घर, एक घर,
आणि पलीकडे सावलीत पोचला.

शह संपले.

त्याच्या घड्याळात चौदा सेकंद. माझ्याकडे तीन मिनिटं.
माझा एक हत्ती जास्त, आणि कडेचं एक प्यादं
वजीर व्हायला दोन घरं.
त्याचं बोट घड्याळावर थरथरत होतं, पटकन घेतलं मागे.
मी प्यादं एक घर पुढे सरकवलं,
आणि माझ्याच तोंडून आलं,
'बरोबरी?'

त्यानं वर बघितलं.
पूर्ण डावात पहिल्यांदा, माझ्या चेहऱ्याकडे.
मग हात पुढे आला, इतक्या घाईनं
की अक्षतेचा दाणा खाली उडाला.

नंतर कूलरपाशी म्हणाला,
'मॅडम, हत्ती बी-टू. मी सोडणारच होतो.'
आवाजात कुरापत नव्हती, दयाही नव्हती.
हवेतच बोटानं दाखवत होता,
हत्ती इथे, राजा इथे, मग जागाच नाही.
'माहीत होतं,' मी म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
त्यानं माझा ग्लास भरून दिला
आणि काही विचारलं नाही.

रेटिंग आठनं वाढलं.
सोमवारी दुकानात कुलकर्णी वकिलांचा कारकून
तडजोडनाम्याच्या तीन प्रती काढायला आला.
'जिंकत आलेली केस होती हो,' म्हणाला,
'पण अशिलाला रात्रीची झोप येईना.'
मी मशीनचं झाकण उचललं, कागद उलटून बघितला.
कोरा होता.
उजेडाची पट्टी इकडून तिकडे गेली.

हत्ती बी-टू.
सुटे पैसे परत देताना मी ते मोठ्यानं बोलले असणार.
'काय म्हणालात?' त्यानं विचारलं.
'दोन रुपये,' मी म्हणाले, 'अजून दोन रुपये.'